रडणाऱ्याचं नाव

भास्करतात्या वडनेऱ्यांच्या हाताखालून जाणाऱ्या बातमीत ‘हळहळ’ हा शब्द लिहायची आमच्यापैकी कोणाचीच छाती नव्हती. ‘शोककळा पसरली’, ‘एकच हळहळ व्यक्त होत आहे’, ‘पंचक्रोशी सुन्न’ ही वाक्यं तेव्हा नाशिकच्या प्रत्येक पेपरात रोज हजर असायची, लग्नपत्रिकेवर गणपती असतो तशी. आमच्याही पेपरात असायची, पण तात्या रजेवर असतील त्या दिवशी. एरवी तात्या कागद उजेडात धरायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, “कोण हळहळलं? नाव काय त्याचं?”

माझी नोकरीतली पहिली बातमी त्यांच्या तावडीत अशीच सापडली. पंचवटीतले एक निवृत्त मुख्याध्यापक वारले होते. मी भक्तिभावाने लिहिलं, की त्यांच्या निधनाने शिक्षणक्षेत्रात पोकळी निर्माण झाली असून परिसरावर शोककळा पसरली आहे. तात्यांनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, “पोकळी किती बाय किती?” सगळं ऑफिस हसलं. मी नवी, त्यातून तिथे एकटीच बाई, माझी कानशिलं तापली.

“हसण्यावारी नाही विचारलं गं पोरी,” तात्या म्हणाले. “जा, बघून ये. कोण रडलं ते नावासकट आण. कोणीच नसेल रडलं तर तसं लिहू, त्यात काय.”

मी गेले. मुलं पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था बघत होती, सुना चहाचे कप मोजत होत्या, शेजारी ‘सर फार कडक होते हो’ एवढंच सांगत होते. निघताना कोपऱ्यावर एक पंक्चरवाला दिसला. गुडघ्यात ट्यूब धरून डोळे पुसत होता. सरांनी त्याला सातवीत दोनदा नापास केलं होतं. पुढे त्याने दुकान टाकलं, तर सर रोज संध्याकाळी तिथे थांबून विचारायचे, आज किती पंक्चर काढलीस. “दुसऱ्या कुणी माझ्याकडं एवढं लक्षच दिलं नाय, ताई,” तो म्हणाला. तेवढं आणि त्याचं नाव तात्यांनी छापलं. दुसऱ्या दिवशी सरांचा थोरला मुलगा ऑफिसात आला आणि बातमीची दोन जास्तीची कात्रणं मागून घेऊन गेला.

त्या दिवसापासून मी तात्यांची भक्त झाले. लोकांनी टिंगल केली तरी झाले. आणि याच माणसाने मला फसवलं. मला फसवलं हे त्यातल्या त्यात लहान. ज्या बाईला फसवलं तिचं पुढे येईलच. पण तात्या काय चीज होते ते आधी सांगितल्याशिवाय, मला अजून राग का येतो ते कोणाला कळायचं नाही.

तात्या मूळचे सटाण्याकडचे. उंच, खांद्यात जरासे वाकलेले, बारा महिने पांढरा शर्ट. खिशात पेन्सिलीचे तुकडे, एवढे छोटे की चिमटीत धरावे लागत. नवी पेन्सिल दिली तर ती मोडून अर्धी परत करायचे. दुपारी चारपासून भूक भूक करायचे आणि भेळभत्ता मागवायचे. त्यावर चिरलेला कांदा चालत नसे, अख्खा कांदा टेबलावर बुक्कीने फोडायचे. त्या टेबलावरची काच मी यायच्या आधीच फुटलेली होती. बोलणं आमच्यासारखंच शहरी, पण कोणी थाप मारतोय असा वास आला की आतून बागलाणची बोली वर यायची आणि ते डोळे बारीक करून म्हणायचे, “खरं शे का?” एवढ्या तीन शब्दांवर भलेभले वार्ताहर आपली बातमी परत उचलून घेऊन जायचे.

सभा पुढून बघायची नाही, मागून बघायची, हा त्यांचा नेम. “पुढचे आणलेले असतात, मागचे आलेले असतात,” असं ते सांगायचे. मनमाडला एका मंत्र्याचं ‘उत्स्फूर्त स्वागत’ व्हायचं होतं, तर तात्या स्वागताच्या जागी फिरकलेच नाहीत. स्टेशनाबाहेर चहा पीत बसले. स्वागत आटोपून माणसं ट्रकमधून परत निघाली तेव्हा हे एका ट्रकमध्ये चढले आणि थेट चांदवडच्या पलीकडे शेवटचा माणूस उतरेपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मंत्र्याचं भाषण दोन ओळी आणि कोण कुठल्या गावात उतरलं, उतरताना काय म्हणालं, हे बाकी सगळं. आमच्या संपादकसाहेबांना त्या दिवशी तीन फोन आले. तात्यांना मात्र कोणी काही बोललं नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

अशा माणसाचा एक हळवा कोपरा होता, आणि तो ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होता. दिल्लीतल्या एका तरुण नेत्याबद्दल त्यांच्यासमोर वाकडं बोलायची सोय नव्हती. बाकी कुठल्याही पुढाऱ्याला कशीही शिवी द्या, तात्या त्यात भर घालतील. पण याचं नाव निघालं की, “तरुण माणूस आहे, चुकेल, शिकेल,” एवढं म्हणून विषय बंद. एका प्रचारसभेत त्याला त्यांनी पाहिलं होतं. मागे उभं राहायचा नेम त्या एका दिवशी मोडला आणि पार बांबूच्या कठड्याला छाती लावून उभे राहिले, असं लोक सांगायचे. मी एकदा विचारलं तर चक्क लाजले.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात, प्रचाराच्या धामधुमीत, त्या नेत्याची हत्या झाली. सकाळी गावाला कळलं. ऑफिसात पोचले तर तात्या आधीच बाहेर पडलेले. दिवसभर सायकलवर ते गाव हिंडत होते. दुपारी दोनेक तास मीही त्यांच्याबरोबर होते.

गाव बंद होतं. मेन रोडला शटर वीतभर वर ठेवून मालक आत बसले होते, दगड येतो की काय म्हणून. सुट्टीतली पोरं रिकाम्या रस्त्यावर क्रिकेट खेळत होती. नाशिक रोडला कॉलनीतल्या घरांत माणसं गंभीर चेहऱ्याने टीव्हीसमोर बसली होती, मांडीवर पोह्यांची बशी घेऊन. लोकांना वाईट वाटलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाटलं होतं. ‘फार वाईट झालं हो, बायकोपोरांचं काय’, असं जो तो म्हणत होता. आणि लगेच पुढचं वाक्य, आता मतदान कधी होणार.

तात्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत होते. अगदी वाकून. एका ओळखीच्या वकिलांना त्यांनी विचारलं, “काय वाटतं?” वकील म्हणाले, “सहानुभूतीची लाट येणार तात्या, लिहून ठेवा.” तात्यांनी सायकल वळवली.

त्यांनी अर्धा कॉलम लिहिला. शहरात बंद पाळण्यात आला, लोक घरात होते, काही ठिकाणी प्रतिमेला हार घातले गेले, बस. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पेपरांत नाशिक शोकसागरात बुडालेलं होतं. एकाने अश्रूंचा महापूर आणला होता, दुसऱ्याने गोदामाईलाच रडवलं होतं, भर मे महिन्यात, पात्रात गुडघाभर पाणी नसताना. संपादकसाहेबांनी सगळे पेपर टेबलावर पसरले आणि तात्यांना बोलावलं.

“तात्या, सगळ्यांचं नाशिक रडतंय. आपल्याच नाशिकच्या डोळ्यांना काय झालं?”

“त्यांनी ज्याला रडताना पाहिलं त्याचं नाव विचारा,” तात्या म्हणाले. “मी सगळं गाव फिरलो. मला एक माणूस दिसला नाही. एक!”

शेवटचा ‘एक’ त्यांनी जवळजवळ ओरडून म्हटला. मला वाटलं संतापलेत, आणि माझी छाती अभिमानाने फुगली. असा कणा आणखी कोणाचा आहे या गावात, असं मी घरी आईला सांगितलं.

थोड्याच दिवसांनी अस्थिकलश नाशकात आला. रामकुंडात विसर्जन होतं. आता रामकुंड म्हणजे काही मोकळी जागा नव्हे. रोज सकाळी तिथे कोणा ना कोणाचा दहावा असतो. केस उतरवलेली माणसं, पत्रावळीवर पिंड, आणि सगळ्यांचे डोळे कावळ्याकडे. कावळा शिवला की जीव सुटला, घरची माणसं मोकळी. त्या दिवशी पोलिसांनी मोठ्या लोकांसाठी सकाळपासूनच दोर लावून पायऱ्या मोकळ्या करायला सुरुवात केली होती. कर्णे, गाड्या, घोषणा. अशा गलक्यात कावळा कशाला फिरकतोय.

तात्या आणि आमचा फोटोग्राफर तिथे गेले होते. मी त्या दिवशी पहिल्या पानावर कामाला होते. दुपारी तात्या आले ते थेट माझ्या टेबलाशी. फोटो समोर ठेवला, मागे फोटोखालच्या ओळींची चिठ्ठी चिकटवलेली होती.

फोटो असा होता, की तो बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. नऊवारीतली एक बाई, पदर ढळलेला, दोन्ही तळवे पायरीवर टेकलेले, तोंड आभाळाकडे. तिचं रडणं ऐकू यावं असा. डाव्या कडेला कोणाचा तरी पांढरा खांदा अर्धवट आला होता. मागच्या चिठ्ठीवर तात्यांच्या अक्षरात ओळी होत्या: अश्रू थांबेनात. नेत्याच्या अस्थिकलशासमोर धाय मोकलून रडणाऱ्या मखमलाबादच्या हौसाबाई.

“सापडलं शेवटी कोणीतरी,” मी म्हणाले.

“हो,” तात्या म्हणाले. “ओळी आहेत तशाच ठेव.”

मी ठेवल्या. ज्याने आयुष्यात कधी न विचारता एक ओळ लिहिली नाही, त्याला मी काय विचारणार? वर चार कॉलम जागा दिली. संपादकसाहेब खूश झाले. बाकीच्या पेपरांकडे महापूर होता, पण नाव फक्त आमच्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी हौसाबाई ऑफिसात आली. बरोबर कोणी नाही, हातात फुलांची रिकामी पाटी. मखमलाबादच्या मळ्यात त्यांची फुलशेती, सकाळी बाजारात माल देऊन ती तशीच जिना चढून आली होती. पेपराची घडी तिने कमरेच्या ओच्यातून काढली.

“ह्ये कोनी लिवलं?” तिने विचारलं. “मला वाचता येत नाय. दिरानं वाचून दाखवलं. मी पुढाऱ्यासाठी रडत व्हते व्हय? माझा पोरगा गेला. सोपान. फुलाचं पोतं घेऊन सायकलवर येत व्हता, आडगाव नाक्याजवळ ट्रकनं उडवला. त्याचा दहावा व्हता त्या दिवशी. पिंड ठिवला, कावळा शिवंना, आन् तेवढ्यात पोलीस म्हनले उठा. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आन् उरकलं. माझ्या पोराला खरा कावळासुदिक शिवू दिला नाय. त्याच्यासाठी रडत व्हते मी.”

मी तात्यांकडे पाहिलं. ते आता उठतील, पेन्सिल घेतील, असं मला वाटलं. ते उठले नाहीत.

“मी विचारलं होतं,” ते म्हणाले. तिच्याकडे नाही, संपादकांच्या केबिनकडे बघत. “कोणासाठी रडता, ते मी विचारलं होतं. तेव्हा या म्हणाल्या, त्यांच्यासाठीच. आता घरचे काही बोलले असतील, म्हणून.”

हौसाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला राग आलेला दिसला नाही. समोर ओळखीचं माणूस असावं आणि त्याने ओळख देऊ नये, तसा तिचा चेहरा झाला होता. तिला खाली पोचवायचं काम माझ्यावर आलं. जिन्यात ती थांबली.

“बाई, तू तरी लिही. जाऊबाई गावभर सांगती, पोराच्या दहाव्याला ही पुढाऱ्यासाठी रडत व्हती. पेपरात आलंय, मग खरंच आसंल, म्हनत्यात लोक. फकस्त सोपानचं नाव छाप. त्याच्यासाठी व्हतं, येवढंच.”

आणि मी, सातवी नापास पंक्चरवाल्याचं नाव शोधून आणलेली मी, तिला म्हणाले, “मावशी, तात्या खोटं लिहीत नाहीत.”

हे वाक्य मी बोलले. ते माझंच आहे, तात्यांवर ढकलता येत नाही.

ती आणखी दोनदा आली. दुसऱ्यांदा तात्या बाहेर गेले असल्याचा निरोप मीच खाली नेला. ते आत बसलेले होते. तिसऱ्यांदा ती वर आलीच नाही, थोडा वेळ जिन्याच्या पायरीवर बसली आणि गेली. खुलासा छापायचा का, असं संपादकसाहेबांनी एकदा विचारलं. “तात्या म्हणतील तसं,” असं स्वतःच म्हणून विषय मिटवला. पुढे फुलबाजारात ती मला कधीमधी दिसायची. मी दुसऱ्या गल्लीतून गजरा घ्यायला लागले.

वर्षं गेली. तात्या निवृत्त झाले, दोन-तीन सत्कार झाले. प्रत्येक सत्कारात मला बोलायला उभं करायचे आणि मी ती मुख्याध्यापकांची गोष्ट सांगायचे. टाळ्या पडायच्या. मी वृत्तसंपादक झाले. नव्या मुलामुलींनी ‘हळहळ’ लिहिलं की मीही चष्मा वर सरकवून विचारायचे, कोण हळहळलं, नाव काय. मुलं मला घाबरायची. मनातून मला ते आवडायचं.

दोन हजारनंतर, पेपरच्या रौप्यमहोत्सवी अंकाची तयारी चालू होती. मुखपृष्ठावर कुठला फोटो घ्यायचा यावर फार चर्चा झाली नाही. हौसाबाईंचा. तोपर्यंत तो आमच्या पेपरचा नावाजलेला फोटो झाला होता. फोटोग्राफर कधीच मुंबईला निघून गेला होता, पण त्याचं निगेटिव्ह जुन्या पाकिटात सापडलं, जुन्या प्रिंटसकट. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलाने ते स्कॅन केलं आणि मला हाक मारली. “मॅडम, हा तर मोठा फोटो आहे. आपण किती कापून छापलाय!”

मी जाऊन उभी राहिले. पडद्यावर अख्खी चौकट होती. हौसाबाईच्या पुढ्यात पत्रावळ, पत्रावळीवर पिंड. उजवीकडे नुकतंच मुंडण केलेला एक माणूस, उघडा, ओल्या धोतरात. अस्थिकलश, पुढारी, हारतुरे यातलं काहीही त्या चौकटीत नव्हतं. कोणाही नाशिककराने नुसतं बघून सांगावं, की हा दहावा आहे. आणि डाव्या बाजूला, तिच्याच पायरीवर, हातभर अंतरावर तो पांढरा खांदा पुरा दिसत होता. तात्या होते. रुमालात तोंड खुपसून रडत होते.

जुन्या प्रिंटवर कुठून कुठे कापायचं त्याच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्या कोणाच्या हे मला विचारावं लागलं नाही. मी खुर्चीत बसले. मुलगा विचारत होता, मॅडम पाणी आणू का.

दुसऱ्याच दिवशी मी नाशिक रोडला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला. मी मोठा फोटो तात्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, बराच वेळ पाहिलं.

“तिचा पोरगा गेला होता,” ते म्हणाले. “तिने मला नाव सांगितलं होतं. सोपान.”

“मग?”

“मग काय? अगं, सगळं गाव पालथं घातलं मी. एक डोळा ओला नाही. पोहे खात होते लोक. एवढ्या तरुण माणसाच्या चिंधड्या उडाल्या, आणि माझ्या गावात त्याच्यासाठी एक माणूस रडेना. एक तरी रडायला हवं होतं की नाही?”

“तुम्ही रडलात ना!” मी ओरडलेच. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. “हे काय इथे, तुम्ही रडताय. छापायचं होतं की. नाव होतं, गाव होतं.”

“माझा फोटो कोण छापणार?” तात्या म्हणाले. “वार्ताहर रडला, ही काय बातमी आहे?”

मला त्यांची दया आली नाही. आज हे लिहिताना थोडी येते, तेव्हा अजिबात आली नाही. मी म्हणाले, तुमच्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं, तात्या. तुमच्या जिवावर त्या बाईला मी जिन्यावरून परत पाठवलं. तुम्ही पुढाऱ्यासाठी एक रडणारा मिळवलात, त्यापायी तिचं रडणं चोरलंत, आणि ती मागायला आली तर तिलाच चोर ठरवलंत. चहावर साय धरली.

“चला माझ्याबरोबर,” मी म्हणाले. “तिला सांगा. तिच्या तोंडावर.”

“चल,” ते म्हणाले, आणि खुंटीवरचा शर्ट घेतला.

पुढचं सांगायच्या आधी दोन गोष्टी. तो फोटो मी मुखपृष्ठावरून काढला, पण खुलासा आमच्या पेपरने छापला नाही. इतक्या वर्षांनी कशाला उकरता, असं मालकांचं म्हणणं पडलं. म्हणून सोपानचं नाव छापून येतंय ते इथे, पहिल्यांदा. आणि त्या दिवसानंतर तात्यांना मी भेटले नाही. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा मी मुद्दाम गावाला निघून गेले होते. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मखमलाबादला.

रिक्षा रस्त्यावर थांबवून आम्ही मळ्यात शिरलो. उन्हं चढली होती. घराच्या सावलीत हौसाबाई शेवंतीचे हार ओवत बसली होती, केस पार पिकलेले. तिने मान वर केली आणि तात्यांना एका क्षणात ओळखलं.

“आला का,” म्हणाली. त्यांना यायला जरा उशीर झाला होता, एवढंच जणू. “बस.”

तात्या खाली, जमिनीवरच बसले. म्हणाले, “बाई, मी खोटं लिहिलं होतं. तुम्ही कोणासाठी रडत होता ते मला माहीत होतं. तुम्ही सोपानचं नाव सांगितलं होतं. ते मी छापलं नाही, वर चार माणसांत तुम्हाला खोटं पाडलं. माझं चुकलं.”

एका दमात म्हणाले, कुठे लपवलं नाही. खरं सांगते, माझ्या मनातला राग तेवढ्यापुरता निवायला लागला होता. हौसाबाईने सुईत आणखी दोन फुलं ओवली.

“तू खोटं बोलला ते मला तवाच कळलं व्हतं,” ती म्हणाली. “जिवाला लागलं. पन शिव्याशाप नाय दिलं तुला कधी. म्हनलं, सायबानं लिवाया लावलं आसंल, नोकरी आसंल बिचाऱ्याची.”

“शिव्याशाप का नाही दिले, मावशी?” मी विचारलं. मी तरी दिले असते.

“कशी देऊ गं? ह्यो बापय माझ्या सोपानसाठी रडला व्हता.” ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. “ना वळखीचा ना पाळखीचा. पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला आन् हमसून हमसून रडला. माझा नवरासुदिक येवढा नाय रडला. म्हनून तर त्याला नाव सांगितलं. जाऊबाई लय बोलायची मला. मी म्हनायचे, बोल. तुझ्या घरच्यासाठी रडंल का कधी आसा परका मानूस? माझ्या सोपानसाठी रडला.”

मी तात्यांकडे पाहिलं. मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले. गप्प बसा तात्या. नुसती मान हलवा. जिथे खरं बोलायचं होतं तिथे खोटं बोललात, आता इथे एकदा बोला. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. तिच्याकडे सरळ बघत होते, पूर्वी वार्ताहरांकडे बघायचे तसे.

“नाही बाई,” ते म्हणाले. “मी त्या नेत्यासाठी रडत होतो. तुमच्या सोपानसाठी नाही.”

हौसाबाईच्या हातातली सुई थांबली. तिने एकदा तात्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, हा माणूस काय म्हणतोय ते मी तरी नीट सांगावं म्हणून. मी खाली पाहिलं.

“म्हंजी त्याच्यासाठी मी येकटीच व्हते,” ती म्हणाली.

तिने हार पाटीत ठेवला, ओचा झाडला आणि उठून आत गेली. आम्हाला वाटलं, पाणी आणायला गेली. बराच वेळ थांबलो. मग मी रिक्षावाल्याला हाक मारायला रस्त्याकडे गेले. वळून पाहिलं तर तात्या फुलांच्या पाटीसमोर तसेच मांडी घालून बसलेले होते आणि घराचं दार आतून लावलेलं होतं.